भिंतीपलीकडचा पंखा

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे निमंत्रण आले तेव्हा आम्हां तिघांपुढे विषयाचा प्रश्न उभा राहिला. वसतिगृहातील दिवस, शिक्षकांची माया, पहाटेची घंटा, सायंवंदना, रविवारची कपडे धुण्याची धांदल, या साऱ्यांवर आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी याआधी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. आम्ही तिघे एकाच तुकडीचे. एक हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यात वायरमन आहे, दुसऱ्याचा संगणक दुरुस्तीचा व्यवसाय आहे, तिसरा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. तिघांनी मिळून केले असे म्हणता येईल, असे एकच काम गेल्या काही वर्षांत आमच्या हातून झाले. ते आमच्याच चौथ्या वर्गमित्राच्या घरी, हिंगण्यात झाले. त्या कामाची हकिकत आणि ते करताना आम्हांस जे उमजले ते येथे मांडीत आहोत. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग असेल तर त्यांना हा लेख उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

आमच्या या मित्राच्या मानेच्या मणक्याला अपघातात इजा झाली. छातीपासून खालचे शरीर त्याच्या ताब्यात राहिले नाही. उजवा दंड आणि कोपर तेवढे हलते, बोटे हलत नाहीत. स्मरणशक्ती, वाचनाची आवड आणि कोणाचीही नक्कल करण्याची जुनी खोड मात्र जशीच्या तशी आहे. घरात तो आणि त्याची आई. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मावशींनी सत्तरी ओलांडली आहे. दिवसभर त्याचे सगळे करून रात्री त्या शेजारच्या खोलीत अंग टाकतात. घर तीन खोल्यांचे : पलंगाची खोली, मधली खोली आणि मावशींची खोली. भिंती जुन्या, जाड विटांच्या.

अशा घरात उन्हाळा म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकास सांगावे लागेल. मे महिन्यात नागपूर परिसरात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नवतपाच्या दिवसांत रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. निरोगी माणूस घाम गाळून, पाणी पिऊन, अंगणात बाज टाकून तो काळ निभावतो. मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला घामही नीट येत नाही. इजेच्या खालच्या भागाला मेंदूचा निरोप पोहोचत नसल्याने शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची यंत्रणाच लुळी पडते. खोली तापली की त्याचे शरीरही तापत जाते. म्हणून आमच्या मित्राच्या खोलीतला एसी ही चैनीची वस्तू नाही. तुकडीतल्या मित्रांनी वर्गणी काढून तो बसवला. पण तो चालू-बंद करणारा रिमोट उशाशी ठेवूनही त्याच्या कामाचा नव्हता. बोटेच नाहीत तर बटण कोण दाबणार? मध्यरात्री वीज जाई. परत आली तरी हा एसी आपोआप सुरू होत नसे. मग तो मावशींना हाक मारी. श्वासाचे स्नायू दुबळे असल्याने त्याची हाक भिंतीपलीकडे पोहोचतेच असे नाही. पोहोचली तरी दिवसभर राबलेल्या म्हाताऱ्या आईला उठवायचे, याचे त्याला उष्म्यापेक्षा जास्त ओझे वाटे. कित्येकदा तो हाक मारीतच नसे.

इतिहासात असा प्रसंग पूर्वीही आला आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी १९४४ साली स्वतंत्र केंद्र सुरू झाले. सर लुडविग गुटमन हे त्याचे प्रमुख. तेथे रुग्णांना भेटायला येणाऱ्या रेग मेलिंग नावाच्या गृहस्थांच्या लक्षात आले की हातपाय गेलेल्या माणसाला जगाशी बोलायला एक घंटा तेवढी आहे. १९६० साली त्यांनी नळीत फुंकर मारून किंवा ओढून चालवता येईल असे यंत्र तयार केले. पुढे त्याला 'पॉसम' हे नाव रूढ झाले. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'मला शक्य आहे' असा होतो. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून शेकडो अपंगांचे आयुष्य उभे केले, ते मराठी वाचक जाणतात. साधन मिळाले की माणूस किती पुढे जातो, याची ही उदाहरणे आमच्या डोळ्यांसमोर होती. आमच्या हाती मात्र होता दुकानात पडून असलेला एक जुना संगणक आणि रिमोटच्या प्रकाशाबद्दलचे शाळकरी ज्ञान.

त्या प्रकाशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. त्या न दिसणाऱ्या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. टीव्हीचा रिमोट याच किरणांनी बोलतो. त्याच्या टोकाचा लहान दिवा बहुधा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. सूर्य, चूल, माणसाचे अंग, सगळेच उष्णतेचे किरण फेकीत असतात. त्या कोलाहलातून रिमोटचा आवाज ओळखता यावा म्हणून ही ठरावीक लय. या लुकलुकण्याचे लांब-आखूड तुकडे पाडले की त्यांतून आकडे बनतात. एका प्रचलित पद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंदांची दीर्घ हाळी असते, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि नंतर ३२ आकड्यांचा निरोप. मोबाइलचा कॅमेरा रिमोटसमोर धरून बटण दाबले तर पुष्कळदा पडद्यावर तो दिवा जांभळट चमकताना दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हे मुलांना जरूर दाखवावे.

अवरक्त किरण भिंतीतून जात नाहीत. येथेच आमच्या कामाची सारी अडचण आणि सारी सोय दडलेली होती. मित्राच्या खोलीत एसी आणि रिमोटवर चालणारा पंखा आहे. तोच पंखा, त्याच कंपनीचा आणि त्याच नमुन्याचा, मावशींच्या खोलीत आहे. टीव्ही आणि त्याचा सेट-टॉप बॉक्स मधल्या खोलीत आहेत. दार उघडे असले की पलंगावरून टीव्ही दिसतो आणि मायलेकरांना एकत्र बातम्या पाहता येतात. एका संगणकाला एकच अवरक्त यंत्र जोडले तर ते एकाच खोलीत बोलू शकेल. म्हणून तीन खोल्यांत तीन यंत्रे हवीत. उलट, दोन पंखे एकाच नमुन्याचे असल्याने दोघांचा संकेत एकच. भिंत नसती तर मित्राने आपला पंखा बंद केला की आईचाही बंद झाला असता. भिंत आहे म्हणून कोणत्या खोलीत बोलायचे ते निवडता येते. जी भिंत अडवते तीच निरोप योग्य पत्त्यावर ठेवते.

आवाजावर चालणारी तयार उपकरणे बाजारात मिळतात, ती का घेतली नाहीत, असे काहींनी विचारले. दिवस मावळेपर्यंत मित्राचा आवाज बसतो, हे एक कारण. दुसरे असे की ती उपकरणे बहुधा इंटरनेटवर विसंबून असतात आणि ज्या क्षणी वीज जाते त्याच क्षणी आमच्याकडे इंटरनेटचाही भरवसा नसतो. नेमके तेव्हाच त्याला यंत्र हवे असते.

आम्ही वापरलेली यंत्रे निव्वळ प्रक्षेपक नाहीत. ती बोलतात आणि ऐकतातही. दोन यंत्रे तयार मिळाली. संगणकावर टीव्ही पाहण्याच्या जुन्या संचाबरोबर येणारी ही यूएसबीवर चालणारी पेटी पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने पाठवली. तिच्या पाठीमागे दोन छिद्रे असतात. त्यांत वायर खोचून तिच्या टोकाचा दिवा उपकरणाच्या अगदी डोळ्यासमोर चिकटवता येतो. तिसरे यंत्र आम्ही सीताबर्डीहून सुटे भाग आणून घरीच जुळवले : एक अवरक्त दिवा, त्याला पुरेसा प्रवाह देणारा ट्रान्झिस्टर, तीन पायांचा ग्राहक आणि यूएसबीची लहान पट्टी.

संगणकावर लिनक्स आहे. त्याच्यासाठी 'लिर्क' नावाची मुक्त प्रणाली गेल्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहे. राल्फ मेत्सलर यांनी ती सुरू केली आणि क्रिस्तोफ बार्टेल्मुस यांनी दीर्घकाळ सांभाळली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते, उघडून पाहता येते, सुधारता येते. परक्या देशातील माणसांनी आपल्या सवडीच्या वेळेत केलेले काम हिंगण्याच्या एका घरात उपयोगी पडते, याचे आम्हांला आजही अप्रूप वाटते. लिर्कला प्रत्येक रिमोट शिकवावा लागतो. रिमोट यंत्रासमोर धरून एकेक बटण दाबायचे आणि त्याला नाव द्यायचे. टीव्ही आणि पंख्याचे रिमोट अर्ध्या तासात शिकून झाले. एसीच्या रिमोटची तऱ्हा वेगळी निघाली. त्यावर तापमान एका अंशाने वाढवले तरी तो 'एक अंश वाढव' एवढेच सांगत नाही. चालू की बंद, तापमान किती, वारा किती, झडपा कशा, असा सगळा तपशील तो दर खेपेस नव्याने पाठवतो. त्याचा निरोप शंभराहून अधिक आकड्यांचा असू शकतो. प्रथम हे त्रासाचे वाटले. नंतर ध्यानात आले की आमच्या दृष्टीने हेच उत्तम. 'चालू, २६ अंश' हा निरोप दहा वेळा पाठवला तरी परिणाम एकच. टीव्हीचे बटण तसे नाही. ते चालू असलेला टीव्ही बंद करते आणि बंद असलेला चालू.

आता मुख्य अडचणीकडे येतो. तीन यंत्रे जोडली की संगणक त्यांना लिर्क शून्य, लिर्क एक, लिर्क दोन असे क्रमांक देतो. हे क्रमांक यंत्राचे नसतात. संगणक सुरू होताना जे यंत्र आधी सापडेल ते शून्य. वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली आणि संगणक पुन्हा सुरू झाला की क्रम बदलू शकतो. मग एसीचा निरोप मावशींच्या खोलीत जातो. तेथे एसी नाही, त्यामुळे काहीच होत नाही आणि काही झाले नाही हे कोणाला कळतही नाही. अशी मूक चूक सर्वांत धोक्याची. बिघडलेले यंत्र निदान बंद पडते. हे यंत्र पडद्यावर 'निरोप पाठवला' असे लिहून मोकळे होते.

वसतिगृहात राहिलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. जेवणाच्या रांगेत आज जो तिसरा उभा आहे तो उद्या नववा असेल. रांगेतल्या क्रमावरून कोणी कोणाचे ताट, पेटी किंवा औषध ठरवीत नसे. त्यासाठी हजेरीपटातला क्रमांक होता आणि तो वर्षभर बदलत नसे. संगणकातही असा हजेरीपट करता येतो. लिनक्समध्ये 'यूडेव्ह' नावाची व्यवस्था आहे. नवे यंत्र जोडले गेले की तिचे नियम वाचले जातात आणि त्याप्रमाणे यंत्राला कायमचे नाव मिळते. परंतु ओळखायचे कशावरून? तयार मिळालेल्या दोन्ही पेट्या जुळ्या. उत्पादकाचा क्रमांक एकच, नमुन्याचा क्रमांक एकच आणि त्यांना वेगळे करील असा स्वतंत्र अनुक्रमांक त्यांच्यात आढळला नाही. चेहऱ्यावरून ओळखता येत नसेल तर जागेवरून ओळखावे, हा मार्ग उरतो. यूएसबीचे प्रत्येक छिद्र संगणकाच्या लेखी ठरलेले असते. म्हणून नियम असा लिहिला की या छिद्रातून जे बोलेल ते 'पलंग', त्या छिद्रातले 'मधली', तिसऱ्यातले 'माय'. त्यानंतर वायरमन मित्राने तिन्ही वायरींवर रंगीत पट्ट्या गुंडाळल्या आणि छिद्रांशेजारी त्याच रंगाचा ठिपका दिला. झाडलोट करताना वायर निघाली तरी मावशी ती अचूक जागी खोचतात. नियम लिहिणे हा कामाचा अर्धा भाग, रंगाचा ठिपका हा दुसरा अर्धा.

मग प्रत्येक नावासाठी लिर्कची स्वतंत्र प्रत सुरू केली. 'पलंग' सांभाळणारी प्रत एसी आणि एक पंखा ओळखते. 'मधली' टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स. 'माय' फक्त मावशींचा पंखा. तिघींची निरोप घेण्याची खिडकी निराळी. त्यांच्यावर आम्ही लिहिलेली एक छोटी आज्ञावली आहे. कोणत्या खिडकीवर कोणता निरोप द्यायचा हे ती ठरवते.

वायरींचेही गणित असते. यूएसबीची साधी वायर सुमारे ५ मीटरपर्यंतच भरवशाची. मावशींच्या खोलीपर्यंतचे अंतर, दाराची चौकट वळसा घालून, त्याहून अधिक होते. तेथे वीजपुरवठा असलेला हब मध्ये घालावा लागला. मधल्या खोलीत दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट ग्राहकावर येई आणि ते यंत्र बहिरे होई. त्यावर पुठ्ठ्याची छोटी नळी बसवल्यावर ते ऐकू लागले. इलेक्ट्रॉनिक चोक असलेले दिवेही त्याच सुमाराच्या लयीत लुकलुकू शकतात, म्हणून ग्राहक दिव्यापासून दूर ठेवावा लागतो.

दोन यंत्रांच्या कानांचाही प्रश्न आला. मित्राच्या पडद्यावर चौकटी एकामागून एक उजळत जातात : एसी, पंखा, आईचा पंखा, टीव्ही, पुस्तक, हाक. उजव्या मनगटाखाली तळहाताएवढे एक बटण आहे. हवी ती चौकट उजळली की तो हात खाली सोडतो आणि बटण दाबले जाते. मावशी त्याला भरवीत असताना हात हलून भलतेच काही सुरू होऊ नये, म्हणून त्यांना चौकटींची फेरी थांबवता आली पाहिजे. त्यासाठी टीव्हीच्या रिमोटवरचे कधी न लागणारे लाल बटण आम्ही नेमून दिले. एकदा दाबले की फेरी थांबते, पुन्हा दाबले की सुरू होते. पण दार उघडे असले की ते लाल बटण 'पलंग' आणि 'मधली' या दोघांनाही ऐकू जाते. एकाने थांबवले, दुसऱ्याने लगेच सुरू केले, फलित शून्य. यावर उपाय असा की एकच संकेत दोन यंत्रांकडून सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत आला तर तो एकच मानावा. त्या दिवशी मावशींनी रिमोट हातात घेऊन आम्हांस विचारले, "बाबू, आता हे माह्यं ऐकते न?" बटण दाबल्यावर फेरी थांबली तेव्हा त्यांनी रिमोट पदराने पुसून ठेवला.

अवरक्त निरोपाचा एक स्वभाव अखेरपर्यंत लक्षात ठेवावा लागतो. तो एकतर्फी असतो. एसी कधी 'मिळाले' असे कळवीत नाही. मधे पडदा उडाला, कोणी उभे राहिले, तर निरोप वाटेतच संपतो. टीव्हीच्या बाबतीत ही उणीव नाही, कारण टीव्ही लागला की नाही हे मित्राला दिसते. त्याची नजर हीच तेथली पोच. रात्री तो झोपलेला असताना एसीची पोच कोण देणार? म्हणून पलंगाशेजारी एक छोटा तापमापक संगणकाला जोडला. वीज आली-गेली हे कळावे म्हणून इन्व्हर्टर नसलेल्या लाईनवर मोबाइलचा एक जुना चार्जर लावून त्याची तार संगणकाकडे आणली. चार्जर जिवंत झाला म्हणजे वीज आली. त्यानंतर संगणक काही मिनिटे थांबतो, कारण बंद पडलेल्या कॉम्प्रेसरला लगेच चालवणे बरे नाही. मग 'पलंग' यंत्राकरवी 'चालू, २६ अंश' असा निरोप पाठवतो. पंधरा मिनिटांनी तापमान पाहतो. उतरले नसेल तर पुन्हा पाठवतो. तरीही उतरले नाही तर मावशींच्या खोलीतली घंटा वाजवतो. यंत्राने आपल्या आवाक्यातले सारे करून पाहावे आणि नाही जमले तर माणसाला उठवावे, हा क्रम आम्ही फार विचाराने ठरवला. यंत्रावर सगळा भार टाकून माणसे निर्धास्त झोपली, असे होऊ नये.

पहिल्या नवतपात आम्ही आळीपाळीने त्याच्या घरी मुक्काम केला. एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली आणि जवळजवळ तासाने आली. आमच्यापैकी एक जण हातपंखा घेऊन बसला होता. मेन लाईनचा दिवा लागला. आम्ही कोणी रिमोटला हात लावायचा नाही, असे ठरले होते. ती काही मिनिटे फार लांबली. मग भिंतीवरून एसीचा ओळखीचा 'टिक' आवाज आला, झडप उघडली आणि वारा सुटला. मित्र जागाच होता. तो हसून म्हणाला, "चला, आता झोपा. तुमची ड्यूटी संपली." मावशी उठल्या नव्हत्या.

या व्यवस्थेतली कोणती चौकट तो सर्वांत जास्त वापरतो, याचा अंदाज आम्ही आधी केला असता तर एसी किंवा टीव्ही असाच केला असता. आज्ञावली प्रत्येक निरोपाची नोंद ठेवते. काही महिन्यांनी ती नोंद पाहिली तेव्हा रात्रीच्या वेळी सर्वांत वर 'आईचा पंखा' होता. मावशी कामे आटोपून आडव्या होतात आणि पंखा लावायचे त्यांच्या ध्यानात राहत नाही. पलीकडून पंख्याचा आवाज येत नाही हे त्याला ऐकू येते. मग हात खाली सोडून तो पंखा लावतो. पहाटे गारवा आला की एक पायरी कमी करतो. इतकी वर्षे ज्याच्यासाठी सगळे करावे लागत होते, त्याला आईसाठी काही करता आले. आम्ही तिसरे यंत्र त्या खोलीत बसवले ते तीन खोल्या आहेत म्हणून. त्याचा खरा उपयोग त्याने शोधला.

दुसरी गोष्ट लहानशी आहे. पूर्वी कोणी दारात येऊन 'जयभीम' म्हटले की टीव्हीच्या आवाजात त्याचे उत्तर बुडून जाई. पाहुण्याला वाटे, याने ऐकले नाही. आता तो आधी टीव्हीचा आवाज बंद करतो आणि मग उत्तर देतो. आलेला माणूस आत येऊन बसतो, बोलतो. आवाज बंद करण्याच्या एका संकेताने त्याच्याकडे येणाऱ्यांचा राबता वाढला, असे मावशी सांगतात.

प्रख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या चष्म्यावर एक अवरक्त संवेदक होता. गालाचा स्नायू किंचित हलला की तो ओळखे आणि त्या एका हालचालीवर ते संगणक चालवीत. जगभर नावाजलेल्या त्या माणसाचे आणि हिंगण्याच्या आमच्या मित्राचे साधन तत्त्वतः एकच आहे : शरीराची जी एक हालचाल शिल्लक आहे, तिला पुरते काम द्यायचे. फरक पडतो तो भोवती माणसे किती, यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बरेच काही मान्य केले आहे. तरी कायदा आणि पलंग यांच्यामध्ये जी दोन-तीन भिंतींची जागा उरते, ती शेजाऱ्यांनी, नातलगांनी आणि वर्गमित्रांनीच भरून काढायची असते.

अद्याप पुष्कळ बाकी आहे. बाहेरचे दार त्याला उघडता येत नाही. कूस बदलायला माणूसच लागतो आणि त्यात यंत्राचे काही चालत नाही. संगणक बिघडला तर आमच्यापैकी कोणी येईपर्यंत सगळे पूर्वीसारखे होते, म्हणून रिमोट अजूनही ठरल्या जागी खिळ्याला टांगलेले असतात.

एसीचा खर्च सोडला तर या कामाला लागलेला पैसा एका साध्या स्मार्टफोनच्या किमतीहून कमी आहे. लागला तो वेळ, आणि तो तिघांत वाटला गेला. वायरमनला आज्ञावली लिहिता येत नव्हती, संगणकवाल्याला भिंतीतून वायर नेता येत नव्हती, शिक्षकाला दोन्ही येत नव्हते, पण ऊन पडल्यावर ग्राहक बहिरा का होतो हे ठाऊक होते. एकाच पंगतीत जेवलेल्यांनी एकमेकांचे कसब ओळखून असावे, हा धडा आम्ही वसतिगृहातच घेतला होता. तिन्ही खोल्यांचा आराखडा, यूडेव्हचे नियम, आज्ञावली आणि घरी केलेल्या यंत्राची जोडणी, असे सर्व कागद आम्ही शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत ठेवायला देत आहोत. ज्यांच्या घरी असा पलंग आहे त्यांनी ते अवश्य न्यावेत. जाताना घरातल्या खोल्या किती, कोणते उपकरण कोठे आहे आणि आजारी माणसाची कोणती हालचाल शिल्लक आहे, एवढे लिहून आणावे. आम्ही तिघेही रविवारी मोकळे असतो.